झोपणाऱ्या व्यक्ती: दोन

मी फक्त कात्री परत द्यायला गेले होते. हे आधीच सांगते, कारण नंतर पुष्कळ जण म्हणाले की हिला दुसऱ्यांच्या घरात डोकवायची खोडच आहे. खोड आहे, नाही कशाला म्हणू. पण त्या दिवशी माझ्या हातात खरोखर कात्री होती.

जरा अलीकडे सरकून बसा. दिव्याचा उजेड इथपर्यंतच येतो.

दुपारचे तीन वाजत आले होते. आमच्या मजल्यावर दोनच घरं. माझ्या स्वयंपाकघराची भिंत तीच सिस्टरच्या झोपायच्या खोलीची भिंत. सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळातल्या नर्सबाई, निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं बाईंनी रात्रपाळी केली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, नोकरी संपली, पण अंगात मुरलेली रात्रपाळी काही गेली नाही. रात्रभर टक्क जाग्या असायच्या, विणत बसायच्या, आणि सकाळी नऊला जाड पडदे ओढून जे झोपायच्या ते चारपर्यंत. चारच्या आत सिस्टरच्या दारावर टकटक करायची नाही, हे आमच्या इमारतीत लहान पोरांनाही माहीत होतं.

पण त्या दिवशी भिंतीपलीकडून चपलांचा आवाज आला. म्हटलं, बाई आज लवकर उठल्या. म्हणून गेले.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात फोन होता आणि चष्मा कपाळावर.

"आल्या आमच्या बातमीदार," सिस्टर म्हणाल्या. "बरं झालं आलीस. हे काय लिहिलंय ते वाच. मघाशी लेकीचा फोन आला, झोपमोड करून. म्हणते, आई, तुझ्या त्या पट्टीचे पैसे दुप्पट कसे गेले?"

ही पट्टी काय ते सांगायला हवं. वर्षापूर्वी सिस्टरच्या हृदयाचं काहीतरी झालं होतं. दोन दिवस इस्पितळात काढून परत आल्या, तेव्हा मुलीनं त्यांच्या गादीखाली एक पट्टी घातली. करड्या रंगाची, हातभर लांब, दोन बोटं जाड. गादीवर झोपलेल्या माणसाचा श्वास आणि छातीचे ठोके ती मोजते आणि फोनमधल्या ॲपला सांगते. मुलगी तिकडे सकाळ-संध्याकाळ ते बघायची. आईचा श्वास नीट चाललाय, एवढं दिसलं की ती कामाला लागायची. त्या ॲपची वर्षाची वर्गणी होती. पट्टीच्या खोक्यावर ठसठशीत छापलेलं होतं: वर्षाला नऊशे नव्याण्णव, कायम हीच किंमत. वर्ष संपलं, वर्गणी आपोआप रिन्यू झाली, आणि मुलीच्या खात्यातून गेले एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.

मी चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचायला घेतली. खाली, अगदी तळाशी, लिहिलं होतं, 'किंमत प्रति व्यक्ती. झोपणाऱ्या व्यक्ती: दोन.'

मी सिस्टरकडे पाहिलं. मला हसू आवरेना.

"कोण हो?"

"काय कोण?"

"नाही, म्हणजे... आम्हाला काही कळवायचं नाही, सांगायचं नाही."

"तुझं डोकं आहे की खोकं," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली कात्री ओढून घेतली. "साठी उलटलीये माझी. कंपनीची चूक असेल. त्यांना जास्तीचे पैसे काढायचे असतात, कारणं काय, कुठलीही शोधतात."

पण बोलता बोलता त्या एकदा मागे वळल्या. झोपायच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आत काळोख होता, आणि सिस्टरनं हात लांबवून ते दार ओढून घेतलं. हलक्या हातानं, कुणी झोपलेलं असताना ओढतो तसं. ते मी बघितलं. आणि माझ्या मनात जे यायचं ते आलं.

मुलीला तेव्हा सातवा लागला होता. महिन्याभरानं सिस्टर तिच्याकडे जायच्या होत्या, बाळंतपणाला, आणि मग तिथेच राहायच्या होत्या. तिकीट काढून झालं होतं. पलंगाखाली बॅग भरून तयार होती, त्यात अठरा झबली, सगळी रात्रीची विणलेली. मला एकदा म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर माणसं जाताना बघितली गं. एकदा येताना बघायचंय." दुसरं काही त्यांना नकोच होतं.

चार दिवसांनी मुलीचा मला फोन आला. माझा नंबर तिच्याकडे होता, आईला काही झालं तर म्हणून दिलेला.

"काकू, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"आईकडे कोणी येतं का?"

इथे मी मला माहीत नाही म्हणायला हवं होतं. पण मला कुणी काही विचारलं की फार बरं वाटतं, हा माझा दोष. आणि अगदीच खोटं बोलले असंही नाही. गेले काही आठवडे ओट्याशी उभं राहिलं की भिंतीतून मला श्वास ऐकू यायचा. जड, घशात अडकल्यासारखा. सिस्टरचा नव्हे. सिस्टर मांजरासारख्या झोपायच्या.

"डोळ्यांनी मी कुणाला बघितलं नाही बाई," मी म्हटलं. "पण भिंतीतून ऐकू येतं. पुरुषमाणूस वाटतो. असू दे की गं, एकटीनं तरी किती दिवस काढायचे. आपणच समजून घ्यायचं."

मी चांगल्या मनानं बोलले. तुमचा विश्वास बसो न बसो.

मग ती म्हणाली, "ठीक आहे काकू." आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी तिकीट रद्द झालं. जावयांनी केलं. सासूबाईंच्या घरात कोण येतं-जातं त्याचा पत्ता नाही, विचारलं तर कबूल करत नाहीत, अशा माणसाच्या हातात मी माझं मूल देणार नाही, असं म्हणाले. बाळासाठी पगारी बाई ठेवायची ठरली.

हे सगळं मला सिस्टरनंच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून. मी चहा टाकला होता, तो उतू गेला तरी मला हलायचा धीर झाला नाही.

"काय सांगितलंस तू तिला?"

मी सांगितलं. शब्दन्‌शब्द. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता भिंतीला हात लावला, ताप बघतात तसा.

"म्हणजे तुलाही ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

"सिस्टर... म्हणजे?"

"उद्या सकाळी ये. मी झोपेन, तू खुर्चीत बसून राहा. काय बघशील ते तूच तिला सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. बघ म्हणजे."

आमचे हे म्हणाले, "जाऊ नकोस. आधीच कमी उपद्व्याप केलेत का." पण मी गेले. करून बसलेलं निस्तरायला हवंच होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. आत सिस्टरनं पडदे ओढले आणि खोलीत असा काळोख झाला की माझा मलाच हात दिसेना. हळूहळू पलंगाची कड दिसायला लागली, कपाट दिसायला लागलं. खोलीला सिस्टरचा नेहमीचा वास होता, जंतुनाशकाचा आणि धुतलेल्या चादरींचा. पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता. बंद वॉर्डात येतो तसा. बरेच दिवस ज्याला कुणी भेटायला आलेलं नाही, अशा माणसाच्या उशाला येतो तसा.

सिस्टर पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागात झोपल्या. दुहेरी पलंग, पण अगदी कडेला अंग चोरून. त्यांचा फोन माझ्या हातात होता. पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला आणि फोनवर एक रेघ चालू लागली, बारीक, एकसारखी, समुद्राच्या शांत लाटांसारखी.

तिच्या वर दुसरी एक रेघ होती. ती आधीपासूनच चालू होती.

ती रेघ चढत जायची, प्रत्येक वेळी थोडी जास्त, मग उतरत यायची, आणि मग सपाट व्हायची. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. म्हटलं, यंत्र आहे, बिघडलं असेल. आणि मग मला ते ऐकू आलं. भिंतीतून नव्हे. हातभर अंतरावरून.

एक. दोन. तीन. प्रत्येक श्वास मागच्याहून मोठा. सहानंतर लहान होत जाणारे. बारावा तर एवढासा. आणि मग काहीच नाही. मी आकडे मोजत राहिले. वीस. पंचवीस. तीस झाले, आणि घशात काहीतरी फाटावं तसा पुन्हा पहिला श्वास.

सिस्टरनं झोपेतच कूस बदलली. त्यांच्या अंगाखालची गादी वर आली. पलीकडच्या बाजूची दबलेलीच राहिली. डोक्याच्या जागी लहान खड्डा, खांद्याच्या जागी मोठा. उशीच्या अभ्र्याला श्वासासरशी सुरकुती पडायची आणि जायची.

मला उठून पळायचं होतं. पण मी पुन्हा एकपासून मोजायला लागले. किती वेळ तशी बसून होते कुणास ठाऊक.

"मोजलेस?" सिस्टरनं विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"बारा..."

"आणि मग थांबतं."

"हो... तीसपर्यंत."

"शेवटच्या तासातला श्वास आहे तो. हजारदा ऐकलाय मी. तासभर चालतो, फार तर दोन तास, मग माणूस सुटतो." त्या हळूच उठून बसल्या. आवाज अगदी वॉर्डातला, शेजारच्या खाटेची झोप मोडू नये असा. "हा सुटतच नाहीये गं."

मग पायऱ्यांवर, उजेडात बसून त्यांनी मला सांगितलं. ज्यांचं कुणी नाही अशा रोग्यांजवळ त्या शेवटी बसायच्या. मनगट हातात धरायचं आणि आपला श्वास त्याच्या श्वासाला जोडून द्यायचा. तो थांबला की आपण थांबायचं, तो घेईल तेव्हा घ्यायचा. माणूस घाबरत नाही मग, एकटा जात नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या त्यांनीच सुरू केलं होतं. नोकरीच्या शेवटच्या रात्री असाच एक म्हातारा होता. सकाळचे सात वाजले, पाळी बदलली. निरोप द्यायला बाहेर सगळे फुलं घेऊन उभे. म्हातारा अजून मधेच होता.

"त्यानं माझं मनगट धरलं होतं. एकेक बोट सोडवून घ्यावं लागलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, कधी गेला? दिवसपाळीची म्हणाली, मी आले तेव्हा खाट रिकामीच होती."



त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन लावला. सिस्टर शेजारी बसल्या होत्या, म्हणून फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मी सगळं सांगितलं. माझं चुकलं म्हटलं, कुणी पुरुष नाही, कुणीच येत नाही म्हटलं, आणि मग जे बघितलं तेही सांगितलं. निस्तरायचं तर पूर्ण निस्तरावं.

मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकू, आई तिथे आहे का?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या.

"आई, तुला हे ऐकू येतं? रोज?"

"येतं."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने."

पलीकडे जावयांचा आवाज आला, दबका, पण शब्द कळत होते. भास होतात म्हणजे आणखीच कठीण. बाळ एकटं कसं ठेवायचं त्यांच्यापाशी?

सिस्टर फोनच्या जवळ सरकल्या. "अगं, मी एकतीस वर्षं..."

"मला माहितीये आई. पण मला आता ताण घ्यायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय." ती काही दुष्ट नव्हती. "असं करू. त्या ॲपवर एकच व्यक्ती दिसायला लागली ना, की मी यांना समजावते. दोन आठवडे सलग एक दिसू दे. मग तिकीट काढू. पण एकच दिसलं पाहिजे."

आधी मी बोलले तेव्हा सिस्टर बदफैली ठरल्या होत्या. आता खरं सांगितलं तर वेड्या ठरल्या. दोन्ही वेळा तोंड माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. कंपनीला लिहून विचारलं की जाहिरातीत एक किंमत आणि घेता दुप्पट, हे काय? उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की माणसानं लिहिलेलं नसणार. किंमत प्रति व्यक्ती आहे. मोजणी पट्टी स्वतः करते. मोजणी चुकत नाही. जादा व्यक्ती नको असल्यास काढून टाकता येईल. आणि खाली एक बटण.

ते दाबलं तर दोन ओळी आल्या. व्यक्ती एक. व्यक्ती दोन. नाव नाही, गाव नाही. प्रत्येकीपुढे लिहिलेलं, 'काढा'.

"मी यातली कोणती?" सिस्टरनं विचारलं.

"तुम्ही पहिल्या. पट्टी तुमची, पलंग तुमचा. तो मागून आलाय."

"बरोबर. आधी आला त्याचं नाव आधी. वॉर्डातही तसंच असायचं." माझं बोट फोनवर टेकणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "त्याला त्रास नाही ना गं होणार?"

"सुटेल बिचारा."

"हो. सुटूच दे आता."

मी दाबलं. व्यक्ती दोन, काढा. नक्की का? नक्की. फोननं आभार मानले. 'या झोपेच्या अखेरीस बदल लागू होईल.'

सिस्टरना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. पलंगाखालची बॅग ओढून त्यांनी मला एक झबलं दाखवलं, पिवळं, बाहीला दोन बटणं. म्हणाल्या, हे पहिल्या दिवशी घालायचं. मग पडदे ओढले. फोन माझ्याकडेच दिला. "चारला ये. चहा मी करते आज. आणि कान लावून बसू नकोस भिंतीला, तुझ्या कानाचा ठसा उठलाय तिथे."

मी कान लावूनच बसले. साडेनऊ, दहा, अकरा. बारा श्वास, थांबणं. बारा श्वास, थांबणं. म्हटलं, झोपेच्या अखेरीस म्हणालेत, तेव्हा जाईल. एक वाजता भाजी चिरत असताना मला पलीकडे एक लहानसा आवाज आला, कुणी दचकून उठताना करतं तसा. मग पुन्हा ते बारा श्वास. मला वाटलं, आता थांबतील. मग थांबतील. तीन वाजता फोन थरथरला.

'बदल लागू झाला आहे. झोपणाऱ्या व्यक्ती: एक. जादा घेतलेले नऊशे नव्याण्णव आपल्या खात्यात परत जमा केले आहेत. आपण जाहिरातीतल्या किमतीवर परत आला आहात.'

आणि भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेतला.

माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली होती. खोलीत शिरले आणि आधी पडदा बाजूला सारला. सिस्टर पलंगाच्या कडेला अंग चोरून होत्या, तोंड उघडं, हात थंड. दोन तास तरी झाले असावेत. उजव्या मनगटावर लालसर खुणा होत्या. आणि पलीकडची उशी दबत होती, सुटत होती. दबत होती, सुटत होती. मी उभी असेपर्यंत तीनदा बारा झाले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. आधीचं दुखणं होतंच.

रात्री मी त्याच फोनवरून कंपनीला विचारलं, व्यक्ती एक कोण आणि दोन कोण, हे तुम्ही कसं ठरवता? उत्तर आलं. क्रम झोपेच्या तासांवर लागतो. जास्त वेळ झोपणारी व्यक्ती पहिली. मग मी व्यक्ती एकची मागची पानं उघडली. सिस्टर बाजारात होत्या तेव्हाची, माझ्याकडे चहा पीत होत्या तेव्हाची, रात्र रात्र विणत बसलेल्या तेव्हाची. प्रत्येक दिवसापुढे एकच आकडा होता. चोवीस तास.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. सगळ्या जन्मात एवढी एकच बातमी माझ्या पोटात राहिली.

मुलीला प्रवास करायचा नव्हता, जावई एकटेच आले. सज्जन माणूस, आवाज न चढवणारा. दोन दिवसांत घर आवरलं. मी मदतीला होते. झबल्यांची बॅग त्यांनी दाराशी ठेवली, मग गादी उचलली आणि पट्टी बाहेर काढली.

"ती राहू द्या ना," मी म्हटलं.

"का हो काकू?"

मी तोंड उघडलं. पण ते सांगायचं तर बटण कुणी दाबलं तेही सांगावं लागणार होतं. आणि जावई माझ्याकडे असे बघत होते की जणू आता ही बाई आणखी काय काढणार आहे.

"नाही... जुनी झाली असेल."

"वर्षाचे पैसे भरलेत. अकरा महिने बाकी आहेत अजून. बाळाच्या गादीखाली घालू." ते हसले, पण डोळे ओले होते. "आईंचं काहीतरी पोचू दे तिथे."

पट्टी गुंडाळली तर पोळपाटाएवढी झाली असेल. पण उचलताना त्यांना दोन्ही हात लावावे लागले, आणि जिन्यात एकदा टेकवून दम घ्यावा लागला.

पत्र लिहिलं मी. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. फोनही लावायचे, पलीकडे घंटा वाजायला लागली की ठेवून द्यायचे. म्हणायचे, अजून वेळ आहे. मग बाळ झाल्याचं कळलं. मुलगा. म्हणायचे, बाळाला सव्वा महिना होऊ दे, मग सांगू.

काल दुपारी तिचाच फोन आला. आवाज दमलेला, पण गोड. बऱ्याच दिवसांनी माणूस मनावरचं ओझं उतरवायला फोन करतं, तसा.

"काकू, तुमच्याशी बोलायचं होतं. मी आईवर उगाच संशय घेतला हो. ते ॲपच तसं आहे. आमच्याकडेही दोन दाखवायला लागलं. पाळण्यात एकटं बाळ, आणि वर आणखी एकाचे पैसे कापले. आई बिचारी खरं सांगत होती, कंपनीची चूक म्हणून. मी एवढी रडले काल."

"तू काही दाबू नकोस," मी म्हटलं. "ऐक माझं. त्याच्यावर कुठलंही बटण..."

"अहो, झालं ते. मी भांडले त्यांच्याशी. ते म्हणाले, जादा व्यक्ती काढून टाका. सकाळी बाळाला झोपवलं आणि काढली. मघाशी पैसे परतही आले."

"कोणती काढलीस?"

"दुसरी. जास्त झोपतो तो पहिला असतो म्हणे. आमचं पिल्लू अठरा-अठरा तास झोपतं, मग पहिलं तेच असणार ना."

"बाळाला उचल," मी म्हटलं. "आत्ता... आत्ता उचल त्याला."

"आत्ता कुठे हो, किती छान झोपलंय. आज भुकेलाही उठलं नाही." ती दबक्या आवाजात हसली. पायांचा आवाज आला, मग दार हळूच लोटल्याचा. "थांबा, ऐकवते तुम्हाला."

तिनं फोन पाळण्यात ठेवला असावा. कापडाची सळसळ झाली. आणि मग माझ्या कानापाशी कुणीतरी श्वास घेतला. एक. दोन. तीन, आधीच्याहून मोठा. सहा. सहानंतर लहान होत गेलेले. बारा.

मग काहीच नाही. मी मोजत होते. पंचवीस. अठ्ठावीस. तीस.

"ऐकलंत?" ती फोनमध्ये कुजबुजली. "एवढंसं आहे, पण श्वास कसा मोठ्या माणसासारखा घेतं."